एलओआर कोणाकडून घ्यायचं, कसं मागायचं, कधी मागायचं: पुण्यातल्या मुलामुलींसाठी सविस्तर

गणपती आले की आमच्या स्टाफरूमबाहेर मुलांची ये-जा वाढते, कोणाला अमेरिकेत एमएस करायचंय, कोणाला जर्मनी, कोणाला यूके, आणि सगळ्यांना हवं असतं ते लेटर ऑफ रेकमेंडेशन. मी पुण्यात इंजिनिअरिंगला शिकवते आणि ही लेटर्स दरवर्षी लिहिते, म्हणजे मुलांना जे युनिव्हर्सिटीच्या अर्जाच्या पोर्टलवर कधीच दिसत नाही ते मला दिसतं. मुलं जीआरई या प्रवेश परीक्षेवर महिनोन्‌महिने घालवतात, एसओपी (मला हा कोर्स का करायचाय हे सांगणारा निबंध) दहा जणांना दाखवतात, आणि एलओआर मात्र डेडलाईनच्या आठवड्यात "मॅडम फक्त एक सही हवी होती" असं म्हणून मागायला येतात. म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय.

आधी किती लेटर्स लागतात ते बघा

अमेरिकेत एमएस आणि पीएचडीला बहुतेक ठिकाणी तीन मागतात. पीएचडीला तिन्ही शिकवणाऱ्यांची किंवा रिसर्च गाईडची असलेली बरी. यूकेच्या एक वर्षाच्या मास्टर्सला सहसा एक किंवा दोन, त्यातलं किमान एक तरी अकॅडमिक. जर्मनीत बऱ्याच सरकारी विद्यापीठांना लेटर लागतच नाही, जिथे लागतं तिथे एक-दोन, आणि ते बहुतेक वेळा तुम्हीच पीडीएफ म्हणून अपलोड करायचं असतं, त्यामुळे तिथे कॉलेजचं लेटरहेड, सही, शिक्का, तारीख हे सगळं नीट हवं. प्रत्येक कोर्सचं पान उघडून किती लेटर्स, कोणाची, लिंकने (म्हणजे युनिव्हर्सिटी शिक्षकांना थेट मेलवर फॉर्मची लिंक पाठवते) की अपलोड, शिक्षकांचा ऑफिशियल ईमेल लागतो का, हे एका शीटमध्ये लिहून काढा. एकाच युनिव्हर्सिटीतले दोन डिपार्टमेंट वेगवेगळं मागतात, त्यामुळे मित्राच्या शीटवर विसंबू नका.

बारावीनंतर बाहेर जाणाऱ्यांचं वेगळं असतं. यूकेला यूकास या तिथल्या सामायिक अर्जाच्या पोर्टलमधून एकच रेफरन्स, म्हणजे शिफारसपत्र, जातो, तोही शाळा-कॉलेजकडून, आणि अमेरिकेच्या कॉमन अ‍ॅपमध्ये (बऱ्याच कॉलेजेसना एकाच फॉर्मने अर्ज करायचं पोर्टल) काउन्सेलर आणि विषयाचे टीचर असं दोन्ही लागतं. इथे पुण्यात अडचण अशी होते की मुलं अकरावीपासून क्लासेसच्या टायअपवाल्या ज्युनिअर कॉलेजला नाव घालतात, कॉलेजचं तोंड फक्त प्रॅक्टिकलला बघतात, आणि मग तिथल्या एकाही शिक्षकाला मुलगा ओळखू येत नाही. बाहेर जायचं डोक्यात असेल तर अकरावीपासून निदान दोन विषयांच्या शिक्षकांकडे नियमित जात रहा. दहावीच्या शाळेतल्या बाईंचं लेटर प्रेमाचं असेल पण बहुतेक ठिकाणी अकरावी-बारावीच्याच शिक्षकांचं मागतात.

कोणाला विचारायचं

सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. मुलं पद बघतात. प्रिन्सिपॉल सरांचं घेऊ, एचओडींचं घेऊ, बाबांच्या ओळखीतले एक डीन आहेत त्यांचं घेऊ. अहो, त्यांनी तुम्हाला काम करताना बघितलंच नाहीये, तर ते लिहिणार काय? "हुशार, मेहनती, नम्र, शिस्तप्रिय" एवढंच लिहिणार, आणि अ‍ॅडमिशन कमिटीने असली लेटर्स ढिगाने वाचलेली असतात.

लेटर लिहिणाऱ्याला पोर्टलवर काय विचारतात ते सांगते, म्हणजे लगेच कळेल. पहिला प्रश्न, या विद्यार्थ्याला किती दिवसांपासून ओळखता आणि कोणत्या नात्याने. मग बऱ्याच फॉर्ममध्ये एक तक्ता येतो. डावीकडे बौद्धिक क्षमता, स्वतंत्र विचार, लेखन, टीमवर्क, चिकाटी असं काय काय, आणि वर रकाने: वरचे १ टक्का, वरचे ५ टक्के, १० टक्के, २५ टक्के, वरचा अर्धा भाग, आणि शेवटचा रकाना "सांगता येत नाही". तुलना करायची ती मी आजवर शिकवलेल्या मुलांशी. आता ज्या सरांनी तुम्हाला सत्तर जणांच्या वर्गात फक्त हजेरीपुरतं बघितलंय त्यांनी प्रामाणिकपणे भरलं तर अर्ध्या ओळींना "सांगता येत नाही" येणार, आणि अप्रामाणिकपणे सगळीकडे १ टक्का टिकमार्क केलं तर खालच्या लेटरमध्ये त्याला आधार देणारं काही नसणार. दोन्हीकडून नुकसान तुमचंच.

म्हणून ज्यांनी तुम्हाला अडकलेलं बघितलंय, चुकलेलं बघितलंय, मग त्यातून वाट काढताना बघितलंय, तेच शोधा. बीई प्रोजेक्टचे गाईड पहिले. त्यानंतर एखाद्या इलेक्टिव्हचे सर, जिथे वर्ग लहान होता आणि तुम्ही प्रश्न विचारायचात, किंवा लॅबच्या मॅडम ज्यांनी सेमिस्टरभर तुमचं जर्नल तपासलंय. तुमच्या जीएफएमना (तुमच्या बॅचचे पालक-शिक्षक) तुमची अटेंडन्स, घरची परिस्थिती, एटीकेटी म्हणजे राहिलेले विषय सगळं माहीत असतं पण त्यांनी विषय शिकवला नसेल तर ते तिसऱ्या नंबरवर ठेवा. बीएस्सी-एमएस्सीवाल्यांनी प्रॅक्टिकल आणि प्रोजेक्टच्या शिक्षकांकडे जा, थिअरीच्या मोठ्या वर्गातली ओळख कामाला येत नाही.

माझ्या एका विद्यार्थिनीचं उदाहरण देते. प्रोजेक्ट होता पीएमपीच्या बसेस स्टॉपवर कधी पोचतील याचा अंदाज बांधायचा. पहिल्या रिव्ह्यूला मॉडेलची अ‍ॅक्युरसी इतकी भारी आली की सगळा ग्रुप खूश. ही एकटी बेचैन, घरी जाऊन डेटा ओळ न्‌ ओळ तपासत बसली आणि तिच्या लक्षात आलं की त्याच त्या फेऱ्या ट्रेनिंगच्या डेटामध्येही आहेत आणि टेस्टिंगच्याही, म्हणजे मॉडेलने उत्तरं आधीच बघितलेली होती. तिने सगळं परत केलं, अ‍ॅक्युरसी धाडकन खाली आली, आणि पुढच्या रिव्ह्यूला तिने स्वतःहून उभं राहून सांगितलं की आधीचा आकडा चुकीचा होता, का चुकीचा होता ते हे. तिचा सीजीपीए वर्गात पहिला-दुसरा नव्हता. पण तिचं लेटर लिहिताना मला एकही विशेषण शोधावं लागलं नाही, काय झालं तेवढंच लिहिलं. असं काही ज्या शिक्षकांसमोर घडलंय त्यांच्याकडे जा, मग ते असिस्टंट प्रोफेसर असोत की कालपरवा जॉईन झालेले असोत.

एक काळजी मात्र घ्या. आपल्याकडे बरेच चांगले शिक्षक सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) किंवा अ‍ॅडहॉक असतात आणि वर्ष संपलं की दुसरीकडे जातात, मग त्यांचा कॉलेजचा ईमेल बंद होतो आणि लिंक त्याच ईमेलवर गेलेली असते. असे शिक्षक टाळू नका, फक्त आधी विचारून घ्या की तुम्ही डिसेंबरपर्यंत इथेच आहात ना, आणि नसाल तर नव्या कॉलेजचा ईमेल कोणता.

तीन लेटर्स असतील तर तिघांनी तीन वेगळ्या गोष्टी सांगायला हव्यात. एक प्रोजेक्टबद्दल, एक वर्गातल्या अभ्यासाबद्दल, एक इंटर्नशिपबद्दल. एनसीएल, आयसर, आयुकासारख्या रिसर्च संस्थांमध्ये उन्हाळ्यात प्रोजेक्ट केला असेल तर तिथल्या गाईडचं लेटर सोडू नका, रिसर्चकडे जाणाऱ्यांना त्याचं वजन फार असतं. अजून सेकंड-थर्ड इयरला असाल तर विज्ञान अकादमींची समर रिसर्च फेलोशिप बघून ठेवा, तिथे दोन महिने खरोखरीच्या लॅबमध्ये काम करायला मिळतं आणि पुढे लेटर लिहिणारा माणूसही मिळतो (त्या अर्जालाही एका शिक्षकाचं रेकमेंडेशन लागतंच).

नोकरी करताय, हिंजवडी नाहीतर खराडीला तीन-चार वर्षं झाली असतील, तर दोन शिक्षक आणि एक मॅनेजर असं चालतं. पण सध्याच्या मॅनेजरला सप्टेंबरमध्ये सांगितलं की मी पुढच्या ऑगस्टला जाणार तर मधलं अप्रेझल आहेच, तेव्हा आधीच्या प्रोजेक्टचा लीड किंवा कंपनी सोडून गेलेला मॅनेजर जास्त सोयीचा. शिवाय बऱ्याच कंपन्या लेटरहेडवर असं काही लिहून द्यायला परवानगी देत नाहीत, ते एचआरला गुपचूप विचारून घ्या.

मागायचं कसं

समोर जाऊन मागा. बाहेरगावी असाल तर फोन करा, पण आधी मेसेज टाकून वेळ विचारा. लेक्चरला जाता जाता जिन्यात गाठून मागू नका, शिक्षक घाईत हो म्हणून जातात आणि नंतर त्यांच्या लक्षातही राहत नाही. मेसेज साधारण असा:

"नमस्कार मॅडम, मी २०२४ च्या बीई बॅचची, ए डिव्हिजन. टीईला (तिसऱ्या वर्षाला) तुमच्याकडे डीबीएमएस हा विषय होता आणि लायब्ररी सिस्टीमचा मिनी प्रोजेक्ट तुमच्याच हाताखाली केला होता. मी पुढच्या वर्षी एमएससाठी अप्लाय करतेय, पहिली डेडलाईन १ डिसेंबर आहे. त्याबद्दल तुमच्याशी दहा मिनिटं बोलायचं होतं. या आठवड्यात कधी येऊ?"

समोर गेल्यावर प्रश्न असा विचारा: "मॅडम, माझ्या कामाबद्दल तुम्हाला सविस्तर लिहिता येईल असं वाटतं का? नसेल तर अगदी मोकळेपणाने सांगा, मी दुसऱ्या कोणाला विचारेन." हे दुसरं वाक्य म्हणायला जड जातं पण ते हवंच, कारण शिक्षकांना तोंडावर नाही म्हणणं अवघड वाटतं आणि मग ते अर्ध्या मनाने हो म्हणतात. उत्तर कसं येतंय ते नीट ऐका. "हो, तुझा तो प्रोजेक्ट आठवतोय मला" असं आलं तर झालंच काम. "बघू", "देऊ ना, सगळ्यांनाच देतो", "आधी एचओडींना विचार" असं आलं तर आभार मानून दुसरं नाव बघा, त्यात वाईट वाटून घेऊ नका.

शिक्षकांना काय काय द्यायचं

हो म्हटल्यावर दोन दिवसांत एकच मेल करा आणि सगळं त्यातच द्या: बायोडेटा, मार्कशीट, एसओपी कच्चं असलं तरी, प्रोजेक्ट रिपोर्ट, आणि युनिव्हर्सिटींची यादी, डेडलाईनच्या क्रमाने, कोर्सच्या नेमक्या नावासकट. यादी आवरती ठेवा. सात-आठच्या वर गेली की मी विचारते, खरंच इतक्या ठिकाणी जायचंय का? कारण प्रत्येक पोर्टलचा फॉर्म वेगळा असतो आणि प्रत्येक ठिकाणी तो तक्ता नव्याने भरावा लागतो.

याबरोबर एक पानाची नोट जोडा, हीच सगळ्यात उपयोगी. त्यात विशेषणं नकोत, घडलेल्या गोष्टी लिहा. कोणत्या वर्षी कोणता विषय, किती मार्क, वर्गात किती मुलं होती, प्रोजेक्टमध्ये तुमच्या वाट्याचं काम नेमकं कोणतं (चौघांच्या ग्रुपमध्ये हे शिक्षकांना दरवेळी आठवतंच असं नाही), कुठे अडलं, काय केलं, सरांनी तेव्हा काय सुचवलं होतं. पासआऊट होऊन तीन-चार वर्षं झाली असतील तर तेव्हाचा एक फोटो आणि रिव्ह्यूची पीपीटीही पाठवा, चेहरा दिसला की बाकीचं आठवतं.

एखादं सेमिस्टर खराब गेलं असेल, आजारपण असेल, घरी काही झालं असेल, तर तेही सांगा आणि लेटरमध्ये लिहिलेलं चालेल का तेही स्पष्ट करा. तुम्ही एसओपीमध्ये लिहिलं तर ते कारण दिल्यासारखं वाटतं, तेच शिक्षकाने लिहिलं की वाचणारा लक्षात घेतो. आपली मार्किंग सिस्टीम बाहेरच्यांना माहीत असेलच असं नाही, तेव्हा वर्गात पहिल्या दहात असाल तर तो रँक नोटमध्ये ठळक लिहा, शिक्षक तो लेटरमध्ये घालू शकतात.

"तूच लिहून आण, मी सही करतो"

हे तुम्ही ऐकणारच आहात. आपल्याकडे हे इतकं सर्रास चालतं की मुलांना त्यात काही चुकतंय असंही वाटत नाही, आणि शिक्षकांनाही वाटत नाही, कारण कामाचा बोजा खरंच प्रचंड असतो. पण अमेरिकेतल्या आणि यूकेतल्या विद्यापीठांच्या दृष्टीने लेटर हे शिक्षकाचं स्वतःचं गोपनीय मत असतं, ते अर्जदाराने लिहिलं तर ती फसवणूक. आणि हे लपतही नाही. एकाच मुलाने तीन लेटर्स लिहिली की तिन्हींत वाक्याची धाटणी तीच, आवडते शब्द तेच, एसओपीमधलाच प्रसंग तिन्ही ठिकाणी, कधी कधी फॉन्टसुद्धा तोच. शिवाय स्वतःबद्दल लिहिताना मुलगा एकतर लाजतो नाहीतर भरमसाट लिहितो, आणि इतर मुलांशी तुलना, जी या लेटरचा जीव आहे, ती त्याला करताच येत नाही कारण बाकीच्या बॅचेस त्याने बघितलेल्याच नाहीत. एआयकडून लिहून घेतलं तर भाषा गुळगुळीत होते आणि तुमच्याबद्दल त्यात काहीच उरत नाही.

मग सरांना काय सांगायचं? असं म्हणा: "सर, युनिव्हर्सिटीच्या नियमात मी लिहिलेलं चालत नाही, पण मी मुद्दे व्यवस्थित लिहून आणलेत. तुमच्या सोयीच्या वेळेला येतो, तुम्हाला काही विचारायचं असेल तर समोर बसून सांगतो." बहुतेक सर यावर तयार होतात, कारण त्यांना अडचण लिहिण्याची नसते, आठवण्याची असते, आणि ते काम तुमच्या नोटने केलेलं असतं. इंग्रजीचा संकोच असलेले शिक्षकही असतात, त्यांना सांगा की साधं, छोट्या वाक्यांचं इंग्रजी चालतं, वाचणारे मजकूर बघतात. एवढं करूनही सर तयार नसतील तर दुसरे शिक्षक शोधा.

आणि सरांच्या नावाने स्वतःच एक जीमेल उघडायचा, तिथे लिंक मागवायची आणि स्वतःच भरून टाकायची, हा उद्योग कुणी कितीही खात्रीने सुचवला, अगदी पैसे घेणाऱ्या काउन्सेलरने सुचवला, तरी करू नका. पकडलं गेलं तर मिळालेली अ‍ॅडमिशन रद्द होऊ शकते, शिकायला गेल्यानंतरसुद्धा.

पोर्टलची भानगड

अर्जात रेकमेंडरचं नाव, हुद्दा, संस्था, ईमेल भरलं की त्यांना लिंक जाते. काही पोर्टलवर सेव्ह केल्या केल्या जाते, काही ठिकाणी तुमचा अर्ज सबमिट झाल्यावरच जाते, हे आधी वाचून घ्या, नाहीतर तुम्ही शेवटच्या रात्री सबमिट करणार आणि सरांना लिंक त्याच रात्री मिळणार. ईमेलचं स्पेलिंग सरांकडून लिहून घ्या. कॉलेजच्या ईमेलवरच मागवा, जीमेलकडे बऱ्याच ठिकाणी संशयाने बघतात आणि काही ठिकाणी घेतच नाहीत. रिटायर झालेल्या शिक्षकांकडे ऑफिशियल ईमेल नसेल तर त्या डिपार्टमेंटच्या अ‍ॅडमिशन ऑफिसला आधी मेल करून विचारा, काय करायचं ते सांगतात.

अमेरिकेच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न येतो, लेटर बघण्याचा हक्क सोडता का. तिथे फर्पा नावाचा १९७४ चा कायदा आहे, त्यानुसार प्रवेश घेतल्यावर विद्यार्थ्याला आपली कागदपत्रं बघता येतात. हा हक्क सोडतो असंच टिक करा, कारण तुम्ही वाचणार नाही हे माहीत असलं की लिहिणारा मोकळेपणाने लिहितो आणि वाचणाराही विश्वास ठेवतो. हक्क सोडायची भीती वाटत असेल तर तुम्ही माणूस चुकीचा निवडलाय.

लिंक गेली की त्याच दिवशी सरांना मेसेज करा, की अमुक युनिव्हर्सिटीकडून मेल आलाय, स्पॅममध्येही बघा. सर फॉर्म भरत असताना शेजारी बसू नका, त्यांचा पासवर्ड-ओटीपी मागू नका.

वेळापत्रक

अमेरिकेच्या पीएचडीच्या आणि मोठ्या एमएस प्रोग्रामच्या डेडलाईन १ ते १५ डिसेंबरच्या आसपास येतात. आता आमच्या बाजूने बघा: गणपतीनंतर सबमिशनची गडबड, मग दिवाळीची सुट्टी, नोव्हेंबरमध्ये ओरल-प्रॅक्टिकल, स्वतःच्या कॉलेजचे आणि एक्स्टर्नल म्हणून दुसऱ्या कॉलेजचेही, त्यानंतर एंडसेम आणि कॅपला, म्हणजे विद्यापीठाच्या तपासणी केंद्रावर, पेपर तपासणी, मध्येच कॉलेजला दर्जा देणाऱ्या नॅकचं काम. म्हणजे तुमची डेडलाईन नेमकी आमच्या सगळ्यात वाईट आठवड्यांत येते. म्हणून ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला विचारा, गणपती उठेपर्यंत नोट आणि यादी पोचवा, दिवाळीच्या आधी लिंका पाठवा. दिवाळीच्या सुट्टीत निवांत बसून लिहिलेलं लेटर आणि ओरल संपवून रात्री दहाला लिहिलेलं लेटर यात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

जर्मनीच्या हिवाळी सेमिस्टरला १५ जुलै ही नेहमीची तारीख, पण म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत बऱ्याच मास्टर्सना ३१ मे असते, आणि मे महिना आपल्याकडे परीक्षेचा, त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्येच विचारून ठेवा.

आठवण करून द्यायला संकोच करू नका. डेडलाईनच्या दोन आठवडे आधी एक मेसेज, एक आठवडा आधी एक, तीन दिवस आधी फोन. मेसेजमध्ये "मॅडम लेटरचं काय झालं" असं नको, "मॅडम, अमुक दोन ठिकाणची लेटर्स पोचली, थँक यू, ही तिसरी १५ तारखेला आहे" असं लिहा. लेटर आलं नाही म्हणून स्वतःचा अर्ज अडवून ठेवू नका (पोर्टल लेटरशिवाय सबमिट करू देत असेल तर). लेटर चार दिवस उशिरा आलं तर काही विद्यापीठं चालवून घेतात, अर्ज उशिरा आलेला घेत नाहीत. आणि एक चौथं नाव तयार ठेवा, त्यांना आधीच सांगून ठेवा की गरज पडली तर विचारेन, कारण माणसं आजारी पडतात, कॉलेज बदलतात.

लेटरच्या आधी मिठाईचे बॉक्स वगैरे आणू नका, आम्हाला अवघड होतं. रिझल्ट लागले की मात्र कळवा, कुठे मिळालं, कुठे नाही, सगळंच. नाही मिळालं आणि पुढच्या वर्षी परत अप्लाय करणार असाल तर त्याच शिक्षकांकडे परत जा, फक्त मधल्या वर्षात काय नवीन केलंत त्याची नवी नोट घेऊन जा, कारण लिंक नव्याने येते आणि लेटरही नव्यानेच लिहावं लागतं.